दुसऱ्या दिवशीचा डोस

लसीकरणाच्या दिवशी माझ्या टेबलावर व्हॅक्सिन कॅरियर, सिरिंजा, हब कटर आणि मुलांची कार्डं असतात, आणि त्यांच्या शेजारी एक तपकिरी बाटली. बाटलीत पिवळसर, तेलकट सिरप असतं. तिच्यासोबत २ मिलिलिटरचा प्लास्टिकचा चमचा येतो आणि त्यावर अर्ध्यात एक रेघ असते. नऊ महिन्यांच्या बाळाला रेघेपर्यंत, म्हणजे १ लाख युनिट. दीड वर्षाच्या मुलाला पूर्ण चमचा, २ लाख युनिट. मग पाचवं वर्ष पुरं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी पूर्ण चमचा. असे नऊ डोस. पहिला डोस गोवर-रुबेलाच्या पहिल्या लसीबरोबर आणि दुसरा दुसऱ्या लसीबरोबर. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची, उन्हापासून दूर ठेवायची. आम्हा एएनएमना, म्हणजे सहायक परिचारिकांना, हे झोपेतही सांगता येईल.

लस टोचताना आईचं सगळं लक्ष सुईकडे असतं. बाळ रडतं, आई रडकुंडीला येते आणि त्या गडबडीत चमचाभर व्हिटॅमिन ए तोंडात जातं. त्याची कुणी चौकशी करत नाही. ते काय आहे, कशासाठी आहे, हे समजून घ्यायला कुणाला सवड नसते. बरीच वर्षं मीसुद्धा ते लसीबरोबरचं एक ठरलेलं काम म्हणूनच केलं. त्याची खरी किंमत मला २०२२ च्या गोवराच्या साथीत कळली.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका आरोग्य केंद्रात आहे. त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीतल्या एका वस्तीत दोन दिवसांच्या आत तीन मुलं गेली, आणि मग सगळ्यांचं लक्ष तिकडे वळलं. घरोघर पाहणी सुरू झाली, दिल्लीहून केंद्राचं पथक आलं, कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी वॉर्ड भरू लागले. पुढे मालेगाव, भिवंडी इथूनही बातम्या आल्या. आम्ही एएनएम आणि आमच्या सीएचव्ही, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका, गल्ल्या वाटून घेऊन सकाळपासून दारं ठोठावत होतो. घरात कुणाला ताप आहे का, अंगावर दाणे आहेत का, डोळे लाल आहेत का, बाळाला कुठली लस झाली आहे, कार्ड दाखवा. कार्ड बहुतेक ठिकाणी नसायचंच. कोरोनाच्या टाळेबंदीत जन्मलेली, लस चुकलेली मुलं त्या काळात दीड-दोन वर्षांची झाली होती. काही कुटुंबं टाळेबंदीत मुलखाला जाऊन परतली होती आणि ना तिथल्या यादीत होती, ना इथल्या. काहींनी पहिल्या लसीनंतर ताप आला म्हणून दुसऱ्या वेळी दार उघडलं नव्हतं. जरीच्या कारखान्यात रोजावर जाणारी आई दवाखान्याच्या रांगेसाठी दिवस मोडायला तयार नसायची, आणि मला त्यात तिची चूक वाटत नाही.

गोवराचं मूल सापडलं की आमचं काम दोन भागांचं असायचं. एक, त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवणं: श्वास जोरात चालतोय का, जुलाब होतायत का, अंगावर पितंय का, डोळ्यांच्या बुबुळावर काही पांढरं दिसतंय का हे बघणं. दोन, व्हिटॅमिन ए. गोवराच्या रुग्णाला ते एकदा देऊन चालत नाही. ज्या दिवशी निदान झालं त्या दिवशी एक डोस आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, वर्षावरच्या मुलाला २ लाख. डोळ्यांत कमतरतेची खूण दिसत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा.

पहिला डोस देणं सोपं असतं. साथीची भीती असते, शेजारीपाजारी जमलेले असतात, मूल तापानं फणफणलेलं असतं. त्यामुळे आई स्वतःहून त्याचं तोंड उघडते. कस लागतो तो दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तेच घर कुलूपबंद सापडतं. मूल नानीकडे नेलेलं असतं, कुर्ल्याला किंवा भिवंडीला. किंवा मूल थोडं हसायला लागलेलं असतं आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, आता बरं आहे, कशाला पुन्हा पुन्हा दवा. एका घरी माळ्यावर लोखंडी शिडीनं चढून जावं लागायचं. आदल्या दिवशी डोस दिलेली पोर घरात नव्हती, आणि तिची आजी ठामपणे सांगत होती की कालचंच औषध पुरे आहे. आमच्या सीएचव्हीनं तिच्या सुनेला फोन लावला, पोर पलीकडच्या गल्लीत मावशीकडे असल्याचं कळलं, आणि आम्ही दोघी बाटली घेऊन तिथं गेलो. ह्या सीएचव्हींना त्यांच्या गल्लीतली नाती पाठ असतात. कुणाची नणंद कुठे राहते, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा नवरा कुठल्या पाळीला घरी असतो, हे त्यांना माहीत नसतं तर त्या साथीत दुसऱ्या डोसची निम्मी मुलं आमच्या हातून निसटली असती. त्यांना मिळणारं मानधन आणि त्यांच्या कामाचं मोल यांचा काही मेळ नाही, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते. इथेही बोलते.

ह्या दुसऱ्या डोसमागे बराच अभ्यास आहे. केपटाउनमधल्या एका रुग्णालयात गोवर बळावलेल्या १८९ मुलांवर एक चाचणी झाली आणि १९९० मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. व्हिटॅमिन ए मिळालेल्या ९२ मुलांपैकी २ दगावली, न मिळालेल्या ९७ पैकी १०. त्यातली बहुसंख्य मुलं वरवर पाहता व्हिटॅमिन एच्या कमतरतेची नव्हतीच. डोळे स्वच्छ होते. रक्त तपासलं तेव्हा ९२ टक्के मुलांत पातळी खाली गेलेली आढळली. पुढे अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एकाच डोसानं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. लागोपाठ दोन दिवस दोन डोस मिळालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये मात्र मृत्यू खूप घटले होते. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी साथीच्या काळात एका संध्याकाळी आम्हाला बसवून हे समजावलं, तेव्हापासून कुलूप लावलेल्या दाराकडे पाठ फिरवणं मला जमेनासं झालं.

गोवराचा विषाणू शरीरातलं व्हिटॅमिन ए झपाट्यानं ओढतो. ताप असतो, मूल खात नाही, जुलाबांतून अन्न वाहून जातं आणि यकृतातला साठा उपसला जातो. डोळ्यांचं, श्वासनलिकेचं, आतड्याचं आतलं अस्तर निरोगी राहायला हेच जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की अस्तर कोरडं, कमकुवत होतं आणि विषाणूच्या मागोमाग जिवाणू घुसतात. गोवरानं मूल जातं ते बहुधा ह्या मागून आलेल्या न्यूमोनियानं किंवा जुलाबांनी. आणि जगलं तरी डोळे जाऊ शकतात. व्हिटॅमिन ए त्या अस्तराची आणि प्रतिकाराची मोडतोड थोपवतं. विषाणूला ते मारत नाही, गोवर होऊ नये म्हणूनही ते काही करत नाही. हा फरक मला दारोदारी समजावून सांगावा लागे, कारण साथीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक नवीच मागणी यायला लागली.

“सिस्टर, सुई मत लगाओ, वो ताकत वाली मीठी दवा दे दो.”

ही मागणी करणाऱ्या बायका अडाणी होत्या असं म्हणायची माझी मुळीच तयारी नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की शेजारचं मूल दोन चमच्यांनंतर उठून बसलं. गोड औषध आणि सुई यांत कुणीही आई गोड औषधच निवडेल. मी त्यांना सांगायची की बाजी, ही दवा गोवर झालेल्याला सावरायला आहे, गोवर होऊच नये म्हणून लस आहे. गोवराचं एक मूल लस न झालेल्या बारा ते अठरा जणांना आजारी करू शकतं. वस्तीत शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लसीचे दोन्ही डोस झाले तरच तो थांबतो. शिवाय हा आजार अंगात आधी तयार झालेल्या इतर आजारांविरुद्धच्या प्रतिकाराचाही मोठा भाग पुसून टाकतो, त्यामुळे बरं झालेलं मूल पुढे कित्येक महिने दुसऱ्या आजारांना बळी पडतं. त्याला चमच्यानं उत्तर नाही. पटायला वेळ लागायचा. मशिदीतून लसीसाठी आवाहन झालं, तेव्हा पुष्कळ दारं उघडली.

दुसरी मागणी जास्त धोक्याची होती: थोडा ज्यादा दो. व्हिटॅमिन सी जास्त झालं तर बहुतांश लघवीतून निघून जातं. व्हिटॅमिन ए तेलात विरघळणारं आहे, ते यकृतात साठतं. म्हणून तर ते सहा महिन्यांतून एकदा देऊन चालतं, आणि म्हणूनच ते जास्त झालं तर अपाय करतं. उलट्या होतात, डोकं दुखतं, तान्ह्या बाळाची टाळू फुगते, सतत जास्त दिलं तर यकृताला इजा होते. २००१ मध्ये आसाममध्ये व्हिटॅमिन एच्या मोहिमेत नेहमीच्या चमच्याऐवजी मोठे कप वापरले गेले, बरीच मुलं आजारी पडली आणि काही मृत्यूंचा संबंध त्या मोहिमेशी जोडला गेल्यानं देशभर वाद झाला. त्याची गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात सांगितली जाते. चमचा हरवला म्हणून घरच्या चमच्यानं डोस देणाऱ्या नव्या मुलीला मी तिथल्या तिथे थांबवते. त्या रेघेसाठी मी कुणाशीही वाईट व्हायला तयार असते.

गोवराच्या साथीच्या दीड-दोन वर्षं आधी मी याच्या अगदी उलटं चित्र पाहिलं होतं. माझ्या धाकट्या भावाचं डोंबिवलीत औषधांचं दुकान आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, त्याच्याकडे लिमसीची, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची, एक पट्टी उरली नव्हती. झिंकच्या गोळ्या, डी-३ च्या ६० हजार युनिटच्या पुड्या, मल्टिव्हिटॅमिन, सगळ्याला मागणी. “ताई, संपलंय म्हटलं की लोक भांडतात माझ्याशी,” तो म्हणायचा. माणसं एकावेळी महिनाभराच्या गोळ्या मागायची, चार खोल्यांत आठ माणसं असल्याचं सांगून. आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी काही जण रोज घेत होते, हे त्याला नंतर कळलं. त्या दिवसांत भीतीनं माणसाला काहीतरी हातात धरायला हवं होतं आणि मी ते समजू शकते. आम्हालाही किटमध्ये व्हिटॅमिन सी आणि झिंक मिळालं होतं, आम्हीही ते घेतलं.

पण पुढे जे अभ्यास आले त्यांनी उत्तर स्पष्ट दिलं. अमेरिकेत २१४ कोरोना रुग्णांवर झालेल्या चाचणीत झिंक आणि व्हिटॅमिन सीचे मोठे डोस देऊनही लक्षणं लवकर गेली नाहीत. ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्यांना व्हिटॅमिन डीचा एक मोठा डोस देऊन पाहिला, मुक्काम कमी झाला नाही. नॉर्वेत ३४ हजारांहून अधिक प्रौढांनी एका हिवाळ्यात सहा महिने रोज चमचाभर कॉड लिव्हर ऑइल किंवा त्यासारखं दिसणारं मक्याचं तेल घेतलं. दोन्ही गटांत कोरोना सारखाच झाला.

ह्या नॉर्वेच्या अभ्यासाजवळ मी बराच वेळ थांबते, कारण माशाच्या यकृताच्या तेलाची एक जुनी हकीकत मला ठाऊक आहे. १९३२ मध्ये लंडनमध्ये डॉ. एलिसन यांनी गोवर झालेल्या सहाशे मुलांपैकी अर्ध्यांना अशा तेलातलं व्हिटॅमिन ए-डी दिलं आणि त्या अर्ध्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तिथे माशाच्या तेलानं जीव वाचले, आणि नव्वद वर्षांनी नॉर्वेत त्याचा काहीच उपयोग झाला नाही. आजार वेगळे, तेलातलं कामाचं जीवनसत्त्वही वेगळं, हे मान्य. तरी मुख्य गोष्ट मला वेगळी वाटते. लंडनची ती गरीब मुलं व्हिटॅमिन एला पारखी होती आणि गोवरानं उरलंसुरलंही ओढून नेलं होतं. नॉर्वेच्या त्या लोकांपैकी बहुतेकांच्या रक्तात व्हिटॅमिन डी आधीच पुरेसं होतं. कमतरता असेल तिथे जीवनसत्त्व जीव वाचवतं. कमतरता नसेल तिथे त्याला करायला काही उरत नाही. डोंबिवलीच्या काउंटरवर पट्ट्या नेणारे बहुतेक लोक दुसऱ्या प्रकारात होते, आणि माझ्या माळ्यावरची ती पोर पहिल्या प्रकारात.

लिनस पॉलिंग यांच्यासारख्या दोनदा नोबेल मिळालेल्या माणसानं १९७० मध्ये व्हिटॅमिन सी आणि सर्दी यांवर पुस्तक लिहिलं आणि जगभर त्या गोळ्यांची चलती झाली. नंतरच्या चाचण्यांतून सर्वसाधारण माणसाची सर्दी त्यानं टळत नाही असं निघालं. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आवरते इतकंच, मोठ्या माणसांत साधारण ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के. मॅरेथॉन धावणारे, बर्फात कसरत करणारे सैनिक अशा अतिश्रम करणाऱ्यांत मात्र सर्दी निम्म्यानं कमी झाली. इथेही तेच दिसतं. शरीर ओढगस्तीत असेल तर उपयोग.

झिंकचंही तसंच. कोरोनात ज्या झिंकनं काही केलं नाही, तेच झिंक मी जुलाब झालेल्या मुलाच्या आईच्या हातात विश्वासानं ठेवते, ओआरएसच्या पुड्यांसोबत. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी बंद करायचं नाही. त्यानं जुलाब लवकर थांबतात आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा होण्याची शक्यताही घटते.

कमतरता म्हणजे काय ते मी नोकरीच्या आधीच, प्रशिक्षणाच्या काळात जव्हारकडच्या एका पाड्यावर पाहिलं होतं. एक आई सांगत होती की तिचा मुलगा दिवसा धावतो, खेळतो, पण दिवेलागणीला ताटातली भाकरी चाचपत बसतो. रातांधळेपणा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग होता. कुडाच्या बाहेर शेवग्याचं झाड होतं आणि शेंगा बाजारात जात होत्या. पाला कुणी खात नव्हतं. आमच्या शिक्षिकेनं तो पाला तोडून आईला डाळीत घालायला शिकवलं आणि मुलाला औषधाचा डोस दिला. इंडोनेशियात संशोधक आल्फ्रेड सॉमर यांना अशीच किंचित दृष्टिदोष असलेली मुलं इतरांपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं मरताना दिसली होती, आणि तिथूनच व्हिटॅमिन एचा संबंध फक्त डोळ्यांशी नसून जगण्याशी आहे हे जगासमोर आलं. १९८६ मध्ये त्यांनी आचे प्रांतातल्या चाचणीत डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं दाखवलं. तमिळनाडूत १९९० मध्ये आणखी एक अभ्यास छापून आला. त्यात मुलांना दर आठवड्याला थोडं थोडं व्हिटॅमिन ए दिलं होतं, साधारण आहारातून मिळायला हवं तितकंच, आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. मला तो अभ्यास सर्वांत जवळचा वाटतो. त्याचा अर्थ मी असा घेते की ताटात रोज थोडं पडलं असतं तर बाटलीची गरजच भासली नसती.

म्हणून गोवराच्या घरात मी चमच्याइतकंच जेवणाबद्दल बोलते. गोवर आला की आपल्याकडे फोडणी बंद, तेल बंद, कुठे कुठे मुलाला नुसत्या पेजेवर ठेवतात. साथीत गोवंडीच्या घरांतही पाहिलं, मुलाला आठ-आठ दिवस चहा-बिस्किटावर ठेवलेलं. श्रद्धेला मी हात लावत नाही. कडुनिंबाचा पाला उशाशी राहू दे, पण मुलाला अंगावर पाजत राहा, मऊ खिचडी, अंडं, पपई, लाल भोपळा, जे घरात आहे ते थोडं थोडं भरवत राहा. ह्या गोष्टीवर आज्यांशी माझं चांगलं जमतं. मुलाला खाऊ घालायला सांगितलं तर कुठली आजी नाही म्हणणार?

आता देशात एक वाद चालू आहे, आणि तो योग्य आहे. १९७० पासून आपण सगळ्याच लहान मुलांना व्हिटॅमिन एचे मोठे डोस देत आलो. २०१६-१८ च्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांत व्हिटॅमिन एची कमतरता सुमारे १८ टक्के निघाली. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, २०१३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, डोसमुळे मृत्यूंत ठोस फरक आढळला नाही. त्यामुळे काही तज्ज्ञ म्हणतात की आता सरसकट डोस थांबवून जिथे कमतरता आहे तिथेच द्यावेत. तत्त्वतः मला हे पटतं. ज्याला गरज नाही त्याला देऊ नये, हे तर मी डोंबिवलीतही म्हणत होते. पण जिल्ह्याची किंवा शहराची सरासरी काढून जर कुणी ठरवणार असेल की मुंबईला गरज नाही, तर त्या सरासरीत माझी गल्ली आणि समुद्राकाठची इमारत एकाच आकड्यात बसतील. ज्यांना थांबवायचं आहे त्यांनी आधी वस्तीनिहाय रक्त तपासावं. आणि गोवर झालेल्या मुलाचे दोन डोस हे उपचार आहेत, त्यांना ह्या वादात कुणी ओढू नये.

तोवर माझ्यापुढे रोजची अडचण वेगळी आहे. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा डोस लसीच्या निमित्तानं होतो. त्यानंतर पाचव्या वर्षाच्या बूस्टरपर्यंत आईला केंद्रात आणणारी कुठली सुई नसते, आणि तिथेच मुलं गळतात. कार्डावर तिसऱ्या डोसपासून रकाने कोरे दिसतात. म्हणून आता सहा महिन्यांच्या डोसची फेरी आली की मी आधी अंगणवाडीच्या सेविकेकडे जाऊन तिची हजेरीवही मागते. दोन ते पाच वर्षांची नावं एका बाजूला उतरवते, आमच्या रजिस्टरशी लावून बघते. जी मुलं दोन्हीकडे नाहीत त्यांच्यासाठी सीएचव्हीला सोबत घेते. येत्या फेरीसाठी बैंगनवाडीकडच्या दोन गल्ल्यांची यादी अजून अर्धी आहे, तिथे नवीन भाडेकरू आलेत. त्या गल्ल्यांत सकाळी कुणी सापडत नाही, कारखाने सुटल्यावर संध्याकाळी जावं लागेल.